ओळख निळ्या ड्रॅगनची

११ जानेवारी, गुरुवार
नॅराबीन, सिडनी

ईशान्येचा वारा कालपासून थांबलेला नाही. इथल्या उन्हाळ्यात तो दुपारी उठतो आणि रात्री निवतो; पण सलग टिकला की भर समुद्रावर तरंगणारी मंडळी किनाऱ्याला येऊन लागतात. सकाळी पुळणीवर गेले तर भरतीच्या रेषेवर निळा पट्टा उमटलेला होता. बहुतेक ब्लूबॉटल. पावसाळ्यात जुहूला, गिरगावला ज्यांच्या डंखाच्या बातम्या येतात, तेच हे फायसेलिया. हवेनं भरलेली बोटाएवढी पिशवी आणि तिच्याखाली लांबच लांब निळे धागे. बघताना एक प्राणी वाटतो, पण ती वसाहत असते. तिच्यातल्या कुणी तरंगायचं, कुणी शिकार करायची, कुणी पचवायचं, कुणी पिल्लं निर्माण करायची, हे वाटून दिलेलं असतं.

त्यांच्यात पोर्पिटा होते, चपट्या गोल चकत्या आणि कडेनं निळी झालर. वेलेला होते, पाठीवर तिरकं पारदर्शक शीड उभारलेले. जँथिना ही जांभळ्या शंखाची गोगलगायही दोन ठिकाणी मिळाली. ती चिकट स्रावात हवा कोंडून बुडबुड्यांचा तराफा बनवते आणि जन्मभर त्याला उलटी लटकून राहते. यातल्या कुणाच्याच हातात दिशा नाही. वारा नेईल तिकडे जायचं आणि कधीतरी असं वाळूवर यायचं.

मी शोधत होते तो ग्लॉकस मात्र दिसला नाही. मृदुकाय प्राण्यांच्या तासाला वर्गात त्याचं चित्र फळ्यावर काढायची, मुलं वहीत उतरवून घ्यायची. शंख नसलेली ही समुद्री गोगलगाय एवढी देखणी असते, यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही. प्रत्यक्ष ती मीही पाहिलेली नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

मिळाला! नातीला मिळाला. आज ती माझ्याबरोबर आली होती. ब्लूबॉटलपासून दूर राहायचं हे इथल्या मुलांना लहानपणीच शिकवलेलं असतं, त्यामुळे ती हात मागे बांधून, नुसती वाकून बघत चालली होती. एका जागी थांबली आणि म्हणाली, "आजी, हा ब्लूबॉटल नाही. ह्याला हात आहेत."

ओल्या वाळूवर पडलेला ग्लॉकस म्हणजे निळसर चिखलाचा ठिपका. हात-पाय सगळे अंगाला चिकटलेले. आइस्क्रीमच्या पांढऱ्या डब्यात समुद्राचं पाणी घेतलं आणि चमच्यानं, खालच्या वाळूसकट, त्याला उचलून त्यात सोडलं. पाण्यात गेल्यावर अर्ध्या मिनिटात तो उलगडला. मी तिथेच वाळूत बसले.

लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. तो पाठीवर तरंगतो. आपल्याला वरून दिसतं ते त्याचं पोट, म्हणजे गोगलगायीचं सरकतं पाऊल. ते फिकट निळं, आणि दोन्ही कडांनी गडद निळ्या रेघा डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या. चमच्यानं हळूच पालथा केला तर खालची बाजू चांदीसारखी राखाडी निघाली. ही त्याची खरी पाठ. दोन-तीन आळोखेपिळोखे देऊन तो पुन्हा पाठीवर वळला. पोटात गिळलेला हवेचा बुडबुडा त्याला वर धरून ठेवतो. आकाशातून बघणाऱ्या पक्ष्याला निळ्या पाण्यात निळं पोट दिसू नये आणि खालून बघणाऱ्या माशाला उजळ पृष्ठभागावर चंदेरी पाठ दिसू नये, अशी ही दुहेरी सोय आहे. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट उजळ असतं. हा उलटा जगतो, म्हणून त्याचे रंगही उलटे.

मग हात. शरीराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. पुढची जोडी सर्वांत मोठी, शरीरातून देठासारखी बाहेर आलेली, आणि तिच्या टोकाला पसरलेली निमुळती बोटं. शास्त्रीय भाषेत ह्या बोटांना सेराटा म्हणतात. ती इथे फणीच्या दातांसारखी एका ओळीत होती, मधली लांब आणि कडेची आखूड. बुडाशी फिकट, टोकाला जवळजवळ काळी वाटावीत इतकी निळी. मी भिंग डोळ्याला लावून पुन्हा पुन्हा तेच बघत होते. एकाच्या मागे दुसरं बोट कुठेही नव्हतं.

वाळूवरचा एक पोर्पिटा उचलून डब्यात टाकला. ग्लॉकस त्याच्याकडे पोहत गेला असं म्हणता येणार नाही. पाणी हलल्यावर तो त्याला जाऊन लागला आणि लागल्याबरोबर हातांनी धरून बसला. निळी झालर तो कडेनं खरवडत गेला. त्याच्या जिभेवर करवतीसारखे बारीक दात असतात. आम्ही घरी निघालो तेव्हा त्या चकतीची एक बाजू पांढरी, बोडकी झाली होती. परत जाताना दोघांनाही लाटांच्या पलीकडे सोडलं.

१३ जानेवारी, शनिवार

दिवसभर वाचन.

ग्लॉकस अटलांटिकस हे नाव १७७७ सालचं आहे. ते गेऑर्ग फॉर्स्टर याच्या नावावर नोंदलेलं आहे. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर, १७७२ ते १७७५, 'रेझोल्यूशन' जहाजावर निसर्गअभ्यासक म्हणून योहान राइनहोल्ड फॉर्स्टर गेले आणि मुलाला चित्रं काढायला बरोबर घेऊन गेले. निघताना गेऑर्ग सतरा वर्षांचा होता. अटलांटिकात सापडलेल्या प्राण्याला अटलांटिकस म्हटलं गेलं, पण तो प्रशांत महासागरात आहे आणि हिंदी महासागरातही आहे.

दुसरी प्रजाती, ग्लॉकस मार्जिनेटस, १८६४ साली राइनहार्ट आणि बर्ग यांनी वर्णन केली. बराच काळ तिला ग्लॉसिला या वेगळ्या नावाखाली ठेवत. दोघी एकाच वाऱ्यानं, एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी येऊ शकतात. सिडनीच्या किनाऱ्यावर दोन्ही येतात. आणि दोघींनाही लोक ब्लू ड्रॅगन म्हणतात.

म्हणजे कालचा कोणता? अटलांटिकसची बोटं एका ओळीत असतात, मार्जिनेटसची ओळीमागे ओळ. एका ओळीतली बोटं, अडीच सेंटिमीटर लांबी, पावलावरच्या ठसठशीत निळ्या रेघा: अटलांटिकस. ह्यात मला शंका नाही.

जावई म्हणाले, "आई, फोटोवरून फोन दोन सेकंदांत नाव सांगतो." सांगतो खरा. पण तो बोटांच्या बुडाशी बघतो का, हे मला कळायला मार्ग नाही. शेवटी ज्यानं नाव लिहायचं त्यानंच बघायला हवं.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांत. मुलीनं सकाळीच तिळगूळ केला. शेजारच्या ग्रीक आजींना नेऊन दिला, त्यांना तीळ ओळखीचे निघाले. मग पुळणीवर.

वारा तोच. पाणी कोमट. आज लहान ग्लॉकस मिळाले, एकाच खळग्यात जवळजवळ. सर्वांत मोठा दीड सेंटिमीटर, बाकीचे सेंटिमीटरच्या आसपास. लहान आहेत म्हणून ही अटलांटिकसची पिल्लं, असं कुणीही म्हणेल. आकार हे फार कच्चं लक्षण आहे. प्रत्येक प्राणी कधीतरी लहान असतोच. म्हणून डबा काढला, भिंग काढलं.

ह्यांची बोटं दाट. पुढच्या हाताच्या टोकाला एका ओळीत पसरलेली नाहीत. ओळीमागे ओळ, एकावर एक चढलेली, इतकी की बूड शोधायला मला पाण्यात चमचा घालून हलकी लाट करावी लागली. लाट आली की बोटं क्षणभर विलग होतात आणि तेवढ्यात मागची ओळ दिसते. शेपटी आखूड. पावलावर त्या गडद निळ्या ठसठशीत रेघा नाहीत. सगळं अंग जास्त एकसारखं गडद. हे मार्जिनेटस. म्हणजे आज तरी मी तसं लिहिते आहे.

रंगावर भर देऊन ओळख पटवू नये, हे वर्गात सांगायचे तेव्हा माझ्यासमोर बहुतेक फुलपाखरं असायची. समुद्राच्या पृष्ठभागावर तर ते दुप्पट खरं आहे. तिथे सगळेच निळे आहेत. फायसेलिया, पोर्पिटा, वेलेला ही एका गटातली; जँथिना आणि ग्लॉकस दुसऱ्याच गटातले. एका जागी राहणाऱ्यांना एकाच रंगाची गरज पडली. त्यामुळे निळा रंग आपल्याला ह्या प्राण्याचा पत्ता सांगतो, नाव सांगत नाही. नाव बोटांच्या बुडाशी आहे.

१७ जानेवारी, बुधवार

रात्री वारा फिरला, दक्षिणेचा झाला. पुळण धुतल्यासारखी स्वच्छ. काहीही नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

ईशान्येचा वारा परतला आणि गर्दीही. एका मुलानं ग्लॉकस तळहातावर घेतला होता, आई त्याचा फोटो काढत होती. मी जवळ जाऊन सांगितलं की हा डंख करतो. तिला पटेना, कारण तो इतका छोटा आणि शांत. तेवढ्यात मुलानं हात झटकला. सुदैवानं थोडक्यात निभावलं. बोटांच्या बेचक्यात लाल चट्टा उठला. जीवरक्षकांच्या तंबूत त्यांनी समुद्राच्या पाण्यानं हात धुतला आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात धरायला लावला. ब्लूबॉटलच्या डंखावर इथे हाच इलाज करतात: पंचेचाळीस अंशांच्या आसपासचं पाणी, वीस मिनिटं. व्हिनेगर ह्या डंखाला लावत नाहीत.

ग्लॉकसचं स्वतःचं विष नसतं, हे त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या थक्क झाल्या. ते सगळं फायसेलियाचं. तो फायसेलिया खातो. दंशपेशी पोटात फुटत नाहीत. त्यातल्या निवडक, मोठ्या पेशी जशाच्या तशा पचनमार्गातून बोटांच्या टोकांपर्यंत पोचवतो आणि तिथल्या पिशव्यांत साठवून ठेवतो. कुणी डिवचलं की त्या पेशी सुटतात. अनेक टोकांना दाटीनं साठलेल्या असल्यामुळे एवढ्याशा जिवाचा डंखही चांगलाच झोंबतो. ज्या बोटांवरून मी नाव ओळखते, तीच त्याची शस्त्रं. आणि मेलेल्या ग्लॉकसनंही डंख होऊ शकतो, म्हणून वाळूवर सुकलेल्यालाही हात लावू नये.

संध्याकाळी बराच वेळ ह्याच विषयावर वाचत बसले. ग्लॉकस फायसेलियाची शस्त्रं वापरतो, हे १९६९ साली 'सायन्स'मध्ये टी. ई. थॉम्पसन आणि इझोबेल बेनेट यांनी मांडलं. ह्या इझोबेल बेनेट सिडनीच्याच. घरच्या परिस्थितीमुळे सोळाव्या वर्षी शाळा सोडावी लागली. पुढे सिडनी विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डाकिन यांच्याकडे नोकरीला लागल्या आणि तिथेच किनाऱ्यावरचे जीव शिकल्या. १९५२ सालच्या 'ऑस्ट्रेलियन सीशोअर्स' या डाकिन यांच्या पुस्तकामागे त्यांचे आणि एलिझाबेथ पोप यांचे कष्ट आहेत. १९६२ साली त्याच विद्यापीठानं त्यांना मानद एम.एस्सी. दिली. पदवी नव्हती म्हणून त्यांचं बघणं थांबलं नाही. माझ्या कितीतरी विद्यार्थिनी लग्नानंतर किंवा घरच्या अडचणीनं शिक्षण सोडून गेल्या. त्यांच्यापैकी प्रत्येकीला हे पान पाठवावंसं वाटतं आहे.

२१ जानेवारी, रविवार

आज मार्जिनेटसच्या नोंदीवर पुन्हा बसले आणि ती बदलावी लागली. कारण २०१४ सालचा शोधनिबंध हाती आला.

सीलिया चर्चिल, अँहेल वाल्देस आणि डियरमिड ओ फॉइल यांनी निरनिराळ्या महासागरांतले ग्लॉकस गोळा करून त्यांचे डीएनए तपासले. अटलांटिकस सगळीकडे अटलांटिकसच निघाला. अटलांटिकातले आणि हिंदी-प्रशांत महासागरांतले कळप एकमेकांपासून तुटले आहेत, कारण आफ्रिका आणि अमेरिका खंड मध्ये आडवे येतात, तरी प्रजाती एकच. मार्जिनेटसचं मात्र तसं नव्हतं. एक समजली जाणारी प्रजाती प्रत्यक्षात चार निघाल्या. जुनी मार्जिनेटस, आणि तीन नव्या: बेनेटी, थॉम्पसोनाय, मॅकफार्लानाय. पहिली दोन नावं कुणाच्या सन्मानार्थ आहेत हे परवाचं पान वाचलेल्याला कळेल. थॉम्पसोनाय आणि मॅकफार्लानाय उत्तर प्रशांत महासागरातल्या, बेनेटी दक्षिण प्रशांतातली. आणि ह्या चौघींमधला फरक डीएनएत आणि शरीरातल्या जननेंद्रियांच्या रचनेत. वरून बघणाऱ्याला त्या सारख्याच.

ग्लॉकस उभयलिंगी असतात. प्रत्येकात नर आणि मादी दोन्ही अवयव, आणि दोघं मीलन झाल्यावर दोघंही अंड्यांच्या माळा घालतात, बहुतेक वेळा खाऊन उरलेल्या वेलेलाच्या किंवा पोर्पिटाच्या सांगाड्यावर. भर समुद्रात टेकायला तेवढीच जागा. म्हणजे ह्या प्रजातींना वेगळं ठेवणारी रचना जिथे आहे, तिथे पोचायला प्राणी मारून उघडावा लागतो. ते मी करणार नाही. संशोधकानं करावं, त्याला त्याचं कारण आहे. वहीतल्या एका ओळीसाठी मला तो अधिकार नाही.

म्हणून पंधरा तारखेच्या पानावर आता असं लिहिलं आहे: 'ग्लॉकस, मार्जिनेटस गट. नॅराबीन.' दक्षिण प्रशांताच्या काठावरचा जीव म्हणजे बेनेटीचीही शक्यता आहे. फोटोवरून ह्यापुढे जाता येत नाही, आणि जिथपर्यंत लक्षणं नेतात तिथेच थांबून लिहिलेली नोंद पुरी असते. नेमकं नाव देण्याच्या हौसेनं लिहिलेली नोंद पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करते.

२४ जानेवारी, बुधवार

रत्नागिरीहून भाच्याचा फोन. मी पाठवलेले फोटो त्यानं तिकडे सगळ्यांना दाखवले. भाट्याच्या पुळणीवर निळ्या चकत्या त्यानंही पाहिल्या आहेत, त्या पोर्पिटाच. "मावशी, मग ड्रॅगन आपल्याकडे का नाही?"

नाही असं कसं म्हणू? गेल्याच महिन्यात, डिसेंबर २०२३ मध्ये, मिचाँग चक्रीवादळानंतर चेन्नईच्या बेसंट नगर किनाऱ्यावर ब्लू ड्रॅगन लागल्याच्या बातम्या होत्या. त्याचं खाणं आपल्या दोन्ही किनाऱ्यांना येतं. जिथे पोर्पिटा आणि फायसेलिया लागतात तिथे त्यांना खाणाऱ्यालाही शोधायला हवं. वाळूवर तो नखाएवढा डाग दिसतो; समुद्राकडे बघत चालणाऱ्याला दिसणारच नाही. मी त्याला म्हटलं, पावसाळ्यात वारं सलग समुद्रावरून येत असेल तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आणि निळ्या चकत्यांच्या पट्ट्यात शोध. लाटांपाशी मात्र जाऊ नकोस, त्या दिवसांतला समुद्र भरवशाचा नसतो.

२६ जानेवारी, शुक्रवार

उद्या मुलीकडचा मुक्काम हलणार, दुसरं शहर, दुसरा कामाचा व्याप. पुळणीवर शेवटची फेरी झाली. ब्लूबॉटल थोडे, ग्लॉकस नाही.

ही पानं कुणी कोकणात वाचत असेल, तर एवढंच मागते. असा जीव दिसला तर हात लावू नका. डब्यात समुद्राचं पाणी घेऊन चमच्यानं त्यात सोडा आणि उलगडू द्या. एक फोटो वरून काढा, दुसरा कडेनं, पुढच्या हातातली बोटं बुडाशी दिसतील असा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. तारीख, गाव आणि वाऱ्याची दिशा लिहा. मग त्याला पाण्यात सोडा, आणि बोटांच्या ओळी एक की अनेक हे पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.